राजधातूचं औषध आणि खिडकीचे गज



आठवीच्या विज्ञानात धातू-अधातूंच्या धड्यात ‘राजधातू’ असा एक छोटासा भाग आहे. सोनं, चांदी, प्लॅटिनम यांच्यावर हवा, पाणी, उष्णता यांचा सहजासहजी परिणाम होत नाही, असं आपण सांगतो. मुलं लिहून घेतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, “बाई, प्लॅटिनम सोन्यापेक्षा महाग असतं का?” पुढं दहावीत विद्युत अपघटन येतं. दहावीतच, पण दुसऱ्या पुस्तकात, डीएनए येतो. हे तीन धडे तीन वेगळ्या दिवशी होतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते. हे तिन्ही धडे ज्याच्यात एकत्र येतात अशा एका औषधाबद्दल आज लिहायचं आहे. त्याचं नाव सिसप्लॅटिन.

हे नाव कधी ऐकलं नाही असं वाटत असेल, तर नात्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्या कॅन्सरच्या रुग्णाची फाईल आठवून बघा. तोंडाचा, घशाचा, फुफ्फुसाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर असेल तर फाईलमध्ये सिसप्लॅटिन किंवा त्याचं भावंड कार्बोप्लॅटिन सापडण्याची शक्यता बरीच आहे. तंबाखू-सुपारीमुळं आपल्याकडं तोंडाचे कॅन्सर किती होतात ते मी सांगायला नको. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी शाळेच्या कंपाउंडबाहेर फाटक्या पुड्या अजून दिसतातच. तेव्हा ‘केमो’ हा शब्द आपल्या मुलांना नवीन नाही. नवीन असतं ते इतकंच, की त्या केमोच्या सलाईनमध्ये नेमकं काय असतं आणि ते काय करतं, हे आपल्यालाही समजू शकतं. मी ते गेली काही वर्षं वर्गात सांगते आहे. कसं सांगते आणि का, तेच पुढं लिहिलंय.

आधी गोष्ट. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे संशोधक होते. त्यांचं मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचं. पेशी विभागताना तिच्या आत जे तंतू दिसतात, त्याचं चित्र आपण फळ्यावर काढतोच की. ते चित्र पाहून त्यांना चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरल्यावर दिसणाऱ्या रेषा आठवल्या. मग त्यांच्या मनात आलं, की पेशी विभाजनावर विद्युतक्षेत्राचा काही परिणाम होत असेल का? बघूया तरी. प्रयोगासाठी त्यांनी ई. कोलाय हे साधे जीवाणू घेतले, पोषक द्रावणात सोडले आणि द्रावणात प्लॅटिनमचे दोन विद्युत अग्र बुडवले. प्लॅटिनमचेच का? तर ते राजधातू आहे, कशाशी अभिक्रिया करणार नाही, मध्ये लुडबुड करणार नाही, म्हणून.

विद्युतप्रवाह सुरू केल्यावर जीवाणूंची संख्या कमी व्हायला लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते मेलेलेही नव्हते. ते लांबच लांब झाले होते, शेवयांसारखे. काहींची लांबी नेहमीच्या तीनशेपट झाली होती. म्हणजे वाढ चालू होती, पण एकाचे दोन होणं थांबलं होतं. पेशीला मोठं होऊ द्यायचं आणि विभागू मात्र द्यायचं नाही, असं काहीतरी त्या भांड्यात घडत होतं.

इथं मी वर्गात थांबते आणि विचारते, “कशामुळं झालं असेल?” बहुतेक हात ‘विजेमुळं’ म्हणून वर येतात, आणि ते साहजिकच आहे. रोझेनबर्ग यांच्या गटानं मात्र एकेक शक्यता तपासत वजा केली आणि शेवटी असं निघालं, की काम विजेचं नव्हतंच. जे प्लॅटिनम ‘कशात भाग घेत नाही’ म्हणून निवडलं होतं, तेच थोडं थोडं विरघळत होतं. द्रावणात अमोनियम क्लोराइड होतं, त्यातून अमोनिया आणि क्लोराइड मिळालं, वर प्रकाशाचा हातभार लागला आणि भांड्यातल्या भांड्यात प्लॅटिनमची संयुगं तयार झाली. त्यांतल्या काहींनी जीवाणूंचं विभाजन रोखलं होतं. हा शोधनिबंध १९६५ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. रोझेनबर्ग यांच्याबरोबर लॉरेटा व्हॅन कँप आणि थॉमस क्रिगास यांची नावं त्यावर आहेत.

विभाजन थांबवणारा पदार्थ म्हटल्यावर कॅन्सरची आठवण होणं ओघानंच आलं, कारण कॅन्सर म्हणजे पेशींचं बेबंद विभाजन. उंदरांच्या गाठींवर प्रयोग झाले, गाठी विरघळल्या, आणि १९६९ साली ‘नेचर’मध्येच दुसरा निबंध आला. १९७८च्या डिसेंबरात अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. तेरा वर्षं लागली. मुलांना हा आकडा मी मुद्दाम सांगते. मोबाइलवर रोज ‘कॅन्सरवर रामबाण उपाय सापडला’ असं वाचणाऱ्यांना, एक पदार्थ भांड्यातून दवाखान्यात पोचायला किती काळ जातो हे कळलेलं बरं.

आता गंमत पुढं आहे. हा पदार्थ नवीन नव्हताच. मिकेले पेरोने या इटालियन रसायनतज्ज्ञानं तो १८४४ सालीच तयार केला होता. ‘पेरोनेचं क्लोराइड’ याच नावानं तो ओळखला जायचा. एका प्लॅटिनमच्या अणूला दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन जोडलेले, बस्स. तेवढ्याच भागांचा आणखी एक पदार्थही माहीत होता. वजन तेच, घटक तेच, गुणधर्म मात्र वेगळे. असं कसं? हे कोडं आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली सोडवलं आणि १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं.

वेर्नरचं कोडं सोडवायला प्रयोगशाळा लागत नाही. बटाट्याची एक चकती कापा. तिच्या कडेला चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार काड्या टोचा. दोन भिजवलेले हरभरे घ्या आणि दोन भिजवलेले शेंगदाणे. बटाटा म्हणजे प्लॅटिनम, हरभरा म्हणजे अमोनिया, शेंगदाणा म्हणजे क्लोरीन. मुलांना फक्त इतकंच सांगा, की चार काड्यांना हे चार दाणे लावा आणि एकमेकांपेक्षा वेगळ्या अशा किती रचना होतात ते सांगा. पहिल्यांदा मुलं सहा म्हणतात, मग चार म्हणतात. चकती फिरवून बघा म्हटलं, की वाद घालत घालत दोनवर येतात. एका रचनेत दोन्ही शेंगदाणे शेजारी-शेजारी असतात, दुसरीत समोरासमोर. शेजारी असतील त्याला ‘सिस’ म्हणायचं, समोरासमोर असतील त्याला ‘ट्रान्स’. एखादं चलाख पोर विचारतं, “चकतीऐवजी गोल बटाटा घेतला आणि काड्या सगळीकडं टोचल्या तर?” विचारलं नाही तर तुम्हीच विचारा. चार काड्या चारी दिशांना सारख्या अंतरावर पसरवल्या, तर कसंही लावलं तरी रचना एकच होते. पदार्थ तर दोन मिळतात. मग रेणू सपाट चौकोनी असला पाहिजे! वेर्नरच्या विचाराचा गाभा हाच होता, तोही रेणूंचे फोटो काढणारी यंत्रं नसताना. या तासाला मुलांच्या डोळ्यांत जे दिसतं, त्यासाठी बटाटे घरून आणायची माझी कायम तयारी असते. (तास संपल्यावर दाणे उरत नाहीत, तेवढे जास्तीचे न्या.)

या दोन रचनांपैकी ‘सिस’ हे औषध आहे. ‘ट्रान्स’चा कॅन्सरवर उपयोग होत नाही. अणू तेच, संख्या तीच, फरक फक्त कोण कुणाच्या शेजारी बसलंय एवढाच.

असं का, हे समजायला डीएनएकडं यावं लागतं. डीएनए हे केंद्रकाम्ल. वळलेल्या शिडीसारखा त्याचा आकार असतो आणि अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन यांच्या जोड्या म्हणजे त्या शिडीच्या पायऱ्या, हे आपण शिकवतोच. त्यातल्या ग्वानिनमध्ये एक नायट्रोजनचा अणू असा आहे, ज्याला प्लॅटिनम चटकन चिकटतं. रसायनतज्ज्ञ त्याला ७ क्रमांकाचा नायट्रोजन म्हणतात. सिसप्लॅटिन पेशीत शिरतं तेव्हा त्याचे दोन क्लोरीन सुटतात. त्या दोन रिकाम्या जागा म्हणजे त्याचे दोन हात समजा. एका हातानं ते एक ग्वानिन पकडतं आणि दुसऱ्या हातानं त्याच धाग्यावरचं शेजारचं ग्वानिन. सिसप्लॅटिन डीएनएला जिथं जिथं धरतं, त्यातल्या सुमारे ९० टक्के जागी ते असे एकाच धाग्यावरचे दोन शेजारी बांधतं.

हे दाखवायला वर्गाची खिडकी पुरते. एका मुलाला खिडकीसमोर उभं करा आणि सांगा, दोन्ही हात पुढं करून शेजारशेजारचे दोन गज धर. सोपं आहे. आता सांगा, दोन्ही हात दोन बाजूंना सरळ ताण, खांद्याच्या रेषेत, कोपरात वाकवायचे नाहीत, आणि आता तेच दोन गज धरून दाखव. वर्ग हसायला लागतो, कारण ते जमतच नाही. एक गज धरता येतो, फार तर लांबचं काहीतरी दुसऱ्या हाताला लागतं. ट्रान्सची तीच गत. तेही डीएनएला चिकटतं, पण शेजारचे दोन ग्वानिन एकत्र बांधणं त्याला जमत नाही.

दोन शेजारी असे बांधले गेले, की शिडी त्या जागी वाकते. चांगली वाकते, डोळ्यांना दिसावी इतकी. स्टीफन लिपर्ड यांच्या गटानं १९९५ साली या वाकलेल्या तुकड्याची रचना स्फटिकातून दाखवली. वाकलेल्या जागी पेशीतली काही प्रथिनं येऊन बसतात, डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथं अडते, दुरुस्ती पथक धावून येतं. दुरुस्ती जमली तर पेशी वाचते. नाही जमली तर पेशी स्वतःलाच संपवते. कॅन्सरच्या पेशी सतत नक्कल करण्याच्या घाईत असतात, त्यामुळं त्या जास्त सापडतात. मात्र औषधाला माणूस ओळखता येत नाही. पोटातल्या अस्तराच्या, हाडांच्या मगजातल्या पेशीही सारख्या विभागत असतात. त्यांनाही झळ बसते. मळमळ, उलट्या, रक्तातल्या पेशी कमी होणं, हे सगळं तिथून येतं.

आता सलाईनबद्दल. हा भाग पालकांनी जरा सावकाश वाचावा अशी विनंती.

आपल्याकडं सलाईन म्हणजे ‘ताकदीची बाटली’ असा समज आहे. सिसप्लॅटिनच्या आधी आणि नंतर बाटल्यांवर बाटल्या लावतात तेव्हा नातेवाइकांना वाटतं, हे बिल वाढवायला चाललंय. तसं नाही. १९७०च्या दशकात माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या, तेव्हा या औषधानं मूत्रपिंडं इतकी खराब व्हायची, की औषध बासनात गुंडाळायची वेळ आली होती. ते वाचलं ते पाण्यामुळं. शिरेतून भरपूर द्रव देऊन लघवीचा प्रवाह वाढता ठेवला, तर मूत्रपिंडं बरीचशी सांभाळली जातात, हे लक्षात आलं. म्हणून त्या बाटल्या. म्हणूनच घरी आल्यावर डॉक्टर सांगतात तेवढं पाणी प्यायचं, आणि म्हणूनच अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं वेदनाशामक गोळ्या आणायच्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवरच पडतो.

आणि ही बाटली मिठाच्या पाण्याचीच का असते? बघा, इथं पुन्हा आपलं रसायनशास्त्र येतं. सिसप्लॅटिनचे क्लोरीन सुटले की ते ‘जागं’ होतं. भोवती क्लोराइड भरपूर असेल तर ते सुटत नाहीत. सलाईनमध्ये क्लोराइड भरपूर, रक्तातही भरपूर. पेशीच्या आत मात्र क्लोराइड खूप कमी. म्हणजे औषध बाटलीत आणि रक्तात बरंचसं झोपलेलं राहतं आणि पेशीत शिरल्यावर जागं होतं. साध्या मिठानं केलेली ही राखण मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अजून एक. या औषधाला अ‍ॅल्युमिनियमचा भाग असलेली सुई किंवा नळी लावायची नाही, असा नियम आहे. का? दहावीची अभिक्रियाशीलता श्रेणी काढा. अ‍ॅल्युमिनियम वर, प्लॅटिनम अगदी खाली. अ‍ॅल्युमिनियम प्लॅटिनमला संयुगातून बाहेर ढकलतं, साका तळाशी बसतो आणि औषधाचा जोर जातो. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या द्रावणात बुडवून आपण जी विस्थापन अभिक्रिया दाखवतो, तीच ही.

अ‍ॅल्युमिनियमचं हे उदाहरण मी वर्गात सांगितलं त्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर होता, हे मला माहीत होतं. वर्गात मी कुणाच्याही घरचं नाव घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. तिनं हळूच विचारलं, “बाई, त्या औषधानं ऐकू कमी येतं का हो? पप्पांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. आई म्हणते, आजारपणामुळं लक्ष नसतं त्यांचं.” मी तिला सांगितलं, की येऊ शकतं. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, त्यांना हे औषध इजा करू शकतं, आणि आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज : शिट्टी, मोबाइलची बारीक रिंग, पक्ष्यांचा आवाज. गेलेलं बहुतेक परत येत नाही. म्हणून पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ‘कान - शिट्टी - डोसच्या आधी’. मी तिच्या आईला फोनही केला. डॉक्टरांनी श्रवणतपासणी करून घेतली आणि त्यानंतर औषधाचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. ते त्यांचं काम. पण कुकरच्या शिट्टीची बातमी डॉक्टरांपर्यंत पोचायला घरातलंच कोणीतरी लागतं, आणि या घरात ते माणूस दहावीतलं होतं.

त्याच वर्षीच्या पालकसभेनंतर एका वडीलधाऱ्या पालकांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या भावाची केमो चालू होती. ते म्हणाले, “मॅडम, तुम्हीच म्हणता त्यात धातू आहे. मग आमच्या गावाकडं एक जण भस्म देतो, त्यातही धातूच आहे. उलट्या तरी होत नाहीत. केमो बंद करून तेच दिलं तर?” मला त्यांचा राग आला नाही. भावाच्या उलट्या बघून थकलेला माणूस होता तो. पण उत्तर स्पष्ट द्यायला हवं होतं आणि ते मी दिलं. तुम्हालाही कधी द्यावं लागेल, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

सिसप्लॅटिन हे औषध आहे ते त्यात धातू आहे म्हणून नव्हे. प्लॅटिनमची अंगठी गिळली तर ती आहे तशी बाहेर येईल. प्लॅटिनमची पूड खाल्ली म्हणूनही गाठ विरघळणार नाही. इतकंच काय, त्याच प्लॅटिनमला तेच अमोनिया आणि तेच क्लोरीन दुसऱ्या बाजूंना लावले तरी औषध होत नाही, हे आपण बटाट्यावर बघितलं. गुण धातूच्या किमतीत नाही, रेणूच्या आकारात आहे. शिवाय तो आकार किती द्यायचा, किती दिवसांनी द्यायचा, कुणाला द्यायचा नाही, हे हजारो रुग्णांवर मोजून ठरलेलं आहे. गावाकडच्या त्या पुडीत काय आहे, किती आहे, हे मोजलेलं नाही. काही पुड्यांत शिसं, पारा निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि हे दोन्ही मूत्रपिंडांचे वैरी. सिसप्लॅटिन चालू असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांवर आणखी तोच भार कशाला? काही द्यायचंच असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना पुडी दाखवा, लपवू नका, इतकं तरी करा, असं मी म्हटलं. उलट्यांसाठी आता चांगली औषधं आहेत, तीही मागून घ्या. डॉक्टरांसमोर आपण उगाच ‘बरं आहे’ म्हणतो.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तोच आठवीतला. प्लॅटिनम म्हणजे खूप महाग असणार ना? मी त्यांना हिशोब करून दाखवला आणि तुम्ही तो गणिताच्या तासाला देऊ शकता. सिसप्लॅटिनचा रेणुभार ३००, त्यात प्लॅटिनमचे १९५. म्हणजे ६५ टक्के वजन प्लॅटिनमचं. एक मोठा डोस १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे शरीराच्या पृष्ठफळानुसार. माणसाचं पृष्ठफळ १.६ चौरस मीटर धरलं तर १६० मिलिग्रॅम औषध, त्यात प्लॅटिनम साधारण १०४ मिलिग्रॅम. ग्रॅमचा दहावा भाग. चार-पाच ग्रॅमच्या अंगठीतल्या प्लॅटिनममध्ये असे चाळीसेक डोस सहज बसतील. हे औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि केमोच्या औषधांमध्ये ते स्वस्तात मोडतं. खर्च होतो तो बाकीचा : तपासण्या, रेडिएशन, प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी. तो खर्च कमी आहे असं मी म्हणणार नाही.

डोस मोजून ठरतो म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. डोकं आणि मानेच्या भागातल्या कॅन्सरला रेडिएशनबरोबर सिसप्लॅटिन देतात. दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमचा मोठा डोस द्यायचा, की दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमचा छोटा? छोटा डोस सोसायला सोपा, म्हणून बरेच डॉक्टर तो देत. टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं ३०० रुग्णांवर याची तुलना केली आणि २०१८ साली निकाल छापला. दोन वर्षांनंतर आजार जागच्या जागी काबूत असण्याचं प्रमाण मोठ्या डोसच्या गटात ७३.१ टक्के होतं, छोट्या डोसच्या गटात ५८.५ टक्के. त्रास मात्र मोठ्या डोसच्या गटातच जास्त होता. अशी माहिती हातात असेल, तर डॉक्टर आणि रुग्ण समोरासमोर बसून ठरवू शकतात. ‘अमक्याला गुण आला’ यावर असं काही ठरवता येत नाही.

मुलांना सगळ्यात जास्त आवडतं ते युवराजसिंगचं उदाहरण. खरं तर मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांना. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर विश्वचषक जिंकला, युवराज मालिकावीर ठरला, आणि त्यानंतर काही महिन्यांत त्याला छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत जर्म सेल प्रकारचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. अमेरिकेत इंडियानापोलिसला त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते लॉरेन्स आइनहॉर्न. हे तेच आइनहॉर्न, ज्यांनी १९७४ साली वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरवर सिसप्लॅटिन दुसऱ्या दोन औषधांच्या जोडीनं द्यायला सुरुवात केली. त्याआधी अशा दहा तरुणांपैकी एखादाच वाचायचा. आता दहातले आठ बरे होतात. जर्म सेल प्रकारच्या पेशींना वाकलेला डीएनए सरळ करणं फारसं जमत नाही, म्हणून हे औषध तिथं इतकं चालतं. २०१२च्या सप्टेंबरात युवराज पुन्हा भारताकडून खेळला. सगळ्या कॅन्सरांत असं होत नाही, हेही त्याच दमात सांगा. काही गाठी औषधाला सरावतात : ते आत येऊ देत नाहीत, किंवा आलेलं दुरुस्त करून टाकतात.

भावंडांबद्दल थोडक्यात. कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडांना आणि कानांना कमी त्रास देतं, रक्तपेशींवर मात्र त्याचा भार जास्त. ऑक्सॅलिप्लॅटिन जपानमध्ये नागोयाला तयार झालं, ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला देतात. ते चालू असताना थंड वस्तूला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, म्हणून त्या दिवसांत फ्रिजमधलं पाणी रुग्णाच्या हाती देऊ नये. रुथेनियम, टायटॅनियम यांच्या संयुगांवरही बरंच काम झालं. टायटॅनियमची काही संयुगं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली आणि तिथंच थांबली. ज्यांना वाटतं की एक धातू लागू पडला म्हणजे दुसराही पडेल, त्यांना हे सांगायला बरं.

हा पाठ घ्यायचा असेल तर दोन तास ठेवा, एका तासात बसत नाही. पहिल्या तासाला रोझेनबर्गचं भांडं आणि बटाटे, दुसऱ्याला गज आणि सलाईन. आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना विचारून ठेवा, की कुणाच्या घरी सध्या उपचार चालू आहेत का किंवा नुकतंच कोणी गेलंय का. असेल तर त्या मुलाला आधी एकटं गाठून सांगा, की उद्या हा विषय आहे, तुला बसायचं नसेल तर वाचनालयात बस, हरकत नाही. माझ्याकडं आजवर दोघं वाचनालयात गेली, त्यातलं एक अर्ध्या तासानं परत येऊन मागच्या बाकावर बसलं. आणि नवीन इमारतींमध्ये खिडक्यांना सरकत्या काचा असतात, गज नसतात. तिथं पटांगणातली लोखंडी शिडी चालते, फक्त ती आडवी धरायला दोन दांडगी पोरं लागतात.